मालक नसलेल्या माणसांचा कायदा

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वीस वर्षांत मशीद बंदर स्थानकाच्या पूर्वेस उतरून दाणा बंदराच्या गल्ल्यांत शिरणाऱ्या माणसाला सकाळच्या प्रहरी दर चार पावलांवर भिंतीला चिकटून उभे राहावे लागे. कारण समोरून, मान खाली आणि नजर स्वतःच्या पावलांवर ठेवून, शंभर किलोचे पोते पाठीवर घेतलेला हमाल येत असे, आणि एकदा चालू लागल्यावर वखारीच्या थप्पीपर्यंत पोहोचेतो त्याला थांबणे शक्य नसे. त्याच्या मागे दुसरा, दुसऱ्याच्या मागे तिसरा, अशी मुंग्यांसारखी रांग लागलेली असे. गोणी ओढायचा लोखंडी आकडा कमरेला खोचलेला, आणि डोक्यावर ओझे घ्यायचे असेल तेव्हा मधे चुंबळ. जुन्या धोतराचा किंवा गोणपाटाचा तुकडा पिळून, त्याचे वेटोळे करून, सुतळीने आवळून हमाल आपली चुंबळ स्वतःच्या हाताने तयार करी. वर्ष-सहा महिन्यांत ती घामाने काळी आणि लाकडासारखी कडक होई, तिला त्याच्या माथ्याचा आकार येई, आणि दुसऱ्याची चुंबळ कोणी वापरीत नसे. त्या बाजारात त्याच्या नावावर म्हणता येईल अशी वस्तू बहुधा ती एकच असे.

माथ्यावर ओझे वाहतो म्हणून तो माथाडी. साताऱ्याच्या पाटण-जावळीकडून, पुण्याच्या जुन्नर-आंबेगावकडून, डोंगरातल्या चार गुंठ्यांत कुटुंबाचे पोट भरत नाही म्हणून तो मुंबईस आलेला असे. गावाने मिळून घेतलेल्या एखाद्या खोलीत तीस-चाळीस जण पाळीपाळीने झोपत, खानावळवालीकडे महिन्याचे खाते असे, आणि कामाला लावून देणारा मुकादम हाही पुष्कळदा गावचाच, भावकीतला किंवा सोयरिकीतला असे. हे नाते जितके आधाराचे तितकेच बंधनाचे होते. पहिल्या दिवशीची उचल मुकादमाने दिलेली, पहिले जेवण त्याच्या शब्दावर मिळालेले. मग आठवड्याच्या हिशेबात त्याने आधी आपला वाटा बाजूला काढला आणि उरलेले टोळीत वाटले, तर त्याची रुजवात कोणत्या वहीवरून घ्यायची आणि कोणत्या तोंडाने मागायची? पेढीवरच्या मेहताने पोत्यांचा आकडा मांडायचा, मुकादमाने तो वाचायचा आणि हमालाने मान डोलवायची, अशी ती रीत होती. पोते घसरून पाठीचा मणका दुखावला तर टोळी वर्गणी काढून त्याला गावच्या गाडीत बसवून देई, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी त्याचा भाऊ किंवा पुतण्या उभा राही.

या देशात तोवर कामगार कायदे नव्हते असे मुळीच नाही. वेतन देण्याविषयीचा कायदा १९३६चा, औद्योगिक तंट्यांचा १९४७चा, कारखान्यांचा आणि राज्य विम्याचा १९४८चा, भविष्य निर्वाह निधीचा १९५२चा. गिरणगावातील कामगाराने लढून आणि मार खाऊन मिळवलेले हे सारे कायदे दाणा बंदरापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर लागू होते. परंतु त्यांपैकी प्रत्येक कायदा आपल्या पहिल्याच पानावर एक प्रश्न विचारी, आणि हमालाची गाडी तेथेच अडे. तो प्रश्न असा, की तुझा मालक कोण? सकाळी साखरेच्या पेढीवर, दुपारी कडधान्याच्या, संध्याकाळी गुळाच्या पेढीसाठी लॉरी भरणारा हा माणूस कोणाचे नाव सांगणार? व्यापारी म्हणे, मी मुकादमाला काम दिले. मुकादम म्हणे, मीही टोळीतलाच एक, मी कसला मालक. इतकी ओझी वाहून, इतक्यांची दुकाने भरून, कायद्याच्या दप्तरात हा माणूस कोणाचाच नोकर नव्हता.

विशेष असे, की या प्रश्नाचे एक उत्तर तेथून हाकेच्या अंतरावर, गोदीच्या भिंतीपलीकडे सापडलेले होते. गोदीतही काम बोटीवर अवलंबून. आज बोट लागली तर शेकडो हात हवेत, उद्या नाही तर एकही नको. अशा अनिश्चित कामासाठी १९४८ साली गोदी कामगारांच्या रोजगार नियमनाचा कायदा झाला, आणि त्याखाली मालक, कामगार व सरकार या तिघांचे प्रतिनिधी असलेली मंडळे निघाली. गोदी कामगाराची नोंद मंडळाकडे होई, पाळीने काम मिळे, आणि हजर राहूनही काम मिळाले नाही तर त्या हजेरीचे काही मोल पदरात पडे. भिंतीच्या आत माल उतरवणारा माणूस अशा रीतीने नोंदीत आला. तोच माल भिंतीच्या बाहेर आल्यावर तो उचलणारा मात्र पूर्वी होता तेथेच राहिला. एका भिंतीने केलेला हा भेद मुंबईने वीस वर्षे उघड्या डोळ्यांनी पाहिला.

तिघांनी एका मेजाभोवती बसावे ही कल्पनाही मराठी माणसाला परकी नव्हती. १९१९ साली वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेचे पहिले अधिवेशन भरले तेव्हा हिंदी कामगारांचा प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी गेले होते. आणि ७ ऑगस्ट १९४२ रोजी, सारा देश ‘चले जाव’च्या उंबरठ्यावर उभा असताना, दिल्लीत त्रिपक्षीय कामगार परिषद भरवून तिचे अध्यक्षपद सांभाळणारे मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. अडचण वेगळीच होती. मेजाभोवती बसायचे तर मेजापर्यंत पोहोचणारे कोणी असावे लागते. विखुरलेल्या टोळ्यांच्या वतीने बोलणार कोण?

मुंबईत ते काम अण्णासाहेब पाटलांनी केले. पाटण तालुक्यातील मंद्रुळकोळे या गावचा हा तरुण स्वतः मुंबईच्या दारूखाना भागात ओझी वाहून आलेला होता, आणि म्हणून माथाड्यांपुढे बोलताना त्याला त्यांच्या हालांचे वर्णन करावे लागत नसे. एक टोळी फुटली की व्यापारी दुसरी आणतो, हे त्याने जवळून पाहिलेले. तेव्हा साऱ्या बाजारच्या टोळ्या एका झेंड्याखाली आल्याखेरीज गत्यंतर नाही, हे त्याने ओळखले आणि साठीच्या दशकात मुंबईच्या धान्य, लोखंड, कापड, लाकूड अशा एकेका बाजारातील माणसे त्याने युनियनमध्ये गोळा केली. टोळीला टोळी जोडणे हे दिसते तितके सोपे काम नव्हे. टोळी म्हणजे गाव, टोळी म्हणजे भावकी. दुसरी टोळी म्हणजे आपल्या पोटावर टपलेले दुसरे गाव. ही गावकीची भिंत ओलांडून जावळीच्या माणसाने जुन्नरच्या माणसासाठी एक दिवसाची मजुरी सोडावी, यासाठी किती रात्री खोल्याखोल्यांतून बैठका झाल्या असतील याचा हिशेब कोणत्याही दप्तरात नाही.

पुण्यात याच सुमारास, किंबहुना काहीसे आधी, दुसऱ्या वाटेने तेच काम चालू होते. नाना पेठेत वैद्यकी करणाऱ्या बाबा आढाव यांच्याकडे भुसार बाजारातले हमाल पाठ, छाती आणि गुडघे दाखवायला येत. औषध दिले तरी दुखणे परत येई, कारण रोगी दवाखान्याची पायरी उतरून पुन्हा पोत्याखालीच जाई. रोगाचे मूळ बाजारात आहे तर उपचारही बाजारातच व्हावा, या सरळ तर्काने १९५५च्या सुमारास हमाल पंचायत उभी राहिली. तिच्या नावातला ‘पंचायत’ हा शब्द मला फार अर्थपूर्ण वाटतो. युनियन म्हटले की समोर एक प्रतिपक्ष आला. पंचायत म्हटले की पंच आले, बसणे आले, दोन्ही बाजूंचे ऐकून घेणे आले. हमालीचे दर, ओझ्याची मर्यादा, लॉरीवाल्याकडून घेतली जाणारी वाराई, अशा एकेका प्रश्नावर अडते, व्यापारी आणि हमाल समोरासमोर बसत, बोलणे फिसकटले की बाजार बंद पडे, आणि बंद बाजारात माल कुजू लागला की पुन्हा बैठक बसे. संप आणि संवाद यांना परस्परविरोधी मानणाऱ्यांनी त्या बाजाराचा इतिहास जरूर पाहावा. तेथे संपानेच बैठकीचे दार उघडलेले दिसते.

या दडपणाचा परिणाम म्हणून राज्य सरकारने १५ जुलै १९६५ रोजी एक समिती नेमली. प्रचलित कामगार कायद्यांच्या चौकटीत माथाडी, हमाल, मासेमारीतले व मिठागरांतले मजूर, लोखंडी जथ्यांतले कामगार आणि त्यांच्यासारख्या अंगमेहनतीच्या माणसांना काही दिलासा देता येईल काय, आणि येत असल्यास कसा, एवढीच तिला विचारणा होती. समितीने दोन वर्षे चार महिने घेतले आणि १७ नोव्हेंबर १९६७ रोजी अहवाल दिला. सरकारी समित्यांचे अहवाल सहसा विचारलेल्या प्रश्नाला बगल देतात. या समितीने त्याचे रोखठोक उत्तर दिले. तिने लिहिले ते सारांशाने असे, की ही माणसे बहुतांशी ठरावीक आवाराबाहेर, उघड्यावर काम करतात. त्यांना थेट कोणी नेमीत नाही, मुकादमामार्फत किंवा टोळीने ती लागतात. एकाच दिवशी ती अनेक मालकांकडे राबतात. कामाचे प्रमाण सारखे नसते, मजुरी नगावर मिळते. म्हणून अस्तित्वात असलेले कायदे त्यांना लावणे व्यवहार्य नाही, त्या कायद्यांत दुरुस्त्या करूनही भागणार नाही, आणि यास्तव या वर्गासाठी स्वतंत्र कायदाच केला पाहिजे. फाटक्या अंगरख्याला ठिगळ लावीत बसण्यापेक्षा अंगाचे माप घेऊन नवा अंगरखा शिवावा, असा तो निर्णय होता. आणि तो कागदावर मांडण्याचे धैर्य दाखवणाऱ्या त्या समितीचे ऋण महाराष्ट्राने मानावे तितके मानलेले नाही.

मसुदा तयार झाल्यावर संबंधित हितसंबंधीयांच्या प्रतिनिधींशी बैठकांमागून बैठका झाल्या. व्यापाऱ्यांची कैफियत अशी, की आम्ही हमालास नोकरीत ठेवलेच नाही तर त्याच्या निवृत्तीचा भार आम्ही का वाहावा. माल महाग होईल, गिऱ्हाईक दुसऱ्या बाजाराकडे वळेल. ही कैफियत सर्वस्वी खोटी नव्हती. पण त्याच व्यापाऱ्याला दुसरी एक गरजही होती, ती म्हणजे लॉरी दारात लागली की खात्रीची टोळी हजर असणे, आणि दर आठवड्याच्या घासाघिशीतून सुटका होणे. कामगाराला शाश्वती हवी होती, व्यापाऱ्यालाही दुसऱ्या अर्थाने शाश्वतीच हवी होती. या दोन गरजा जेथे एकमेकींना भेटल्या तेथे करार झाला. वसंतराव नाईक यांच्या कारकिर्दीत, १९६९ साली, महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम संमत झाला, आणि ‘असंरक्षित कामगार’ हा शब्द कायद्याच्या भाषेत आला.

या कायद्याची करामत त्याच्या रचनेत आहे, म्हणून येथे थोडे थांबले पाहिजे. मालक कोण, या जुन्या प्रश्नाशी झगडत न बसता त्याने प्रत्येक धंद्यासाठी एक मंडळ निर्माण केले. कापडबाजाराचे वेगळे, लोखंडाचे वेगळे, किराण्याचे, भाजीपाल्याचे, खोके व लाकडाचे, मालवाहतुकीचे, रेल्वेच्या मालधक्क्याचे वेगळे. मंडळावर मालकांचे आणि कामगारांचे सदस्य समसमान संख्येने, त्यांच्या जोडीला शासनाचे, आणि अध्यक्ष शासनाने नेमलेला. व्यापाऱ्याने मंडळाकडे नोंद करावी, हमालानेही करावी; टोळीने उचललेल्या मालाची मजुरी व्यापाऱ्याने मुकादमाच्या हातात न देता मंडळात भरावी आणि तिच्यावर ठरावीक टक्क्यांची लेव्ही भरावी; मंडळाने हमालाच्या नावावर महिन्याची मजुरी काढावी, आणि लेव्हीच्या रकमेतून त्याचा भविष्य निर्वाह निधी, उपदान, बोनस, रजेचा पगार आणि औषधपाणी चालवावे. त्याने साखर कोणाची वाहिली आणि गूळ कोणाचा, हे विचारण्याचे कारणच उरले नाही. दहा पेढ्यांच्या घामाचे थेंब एका हौदात जमू लागले. मालकी दहा ठिकाणी विभागलेली राहिली. जबाबदारी मात्र एका ठिकाणी आली.

हा बदल कागदावर वाचताना रुक्ष वाटेल. तो त्या माणसाच्या हातात कसा दिसला असेल ते पाहावे. आजवर ज्याने आपली कमाई मुकादमाच्या तोंडून ऐकली त्याच्या हाती आता स्वतःचे नाव, नोंदणी क्रमांक आणि महिन्याची रक्कम असलेला कागद आला. लिहितावाचता येत नसलेला हमाल तो कागद खानावळीत किंवा खोलीत एखाद्या शाळकरी पोराकडून वाचून घेई, आणि त्या पोराला ‘कापलेले पैसे’ म्हणजे गेलेले पैसे नव्हेत, म्हातारपणासाठी ठेवलेले आहेत, हे समजावून सांगण्याची पाळी हमालावर येई. त्या कागदावर पतपेढी कर्ज देऊ लागली. मुलीच्या लग्नाला सावकाराऐवजी निधीतून रक्कम मिळू लागली. घाऊक बाजार दाणा बंदरातून वाशीला हलला तेव्हा माथाडी त्याच्यामागून खाडी ओलांडून गेला, आणि कोपरखैरणे-घणसोलीकडे त्याची स्वतःची घरे उभी राहिली. पाळीने झोपणाऱ्या चाळीस जणांच्या खोलीपासून स्वतःच्या दाराला स्वतःचे कुलूप लावण्यापर्यंतची ही वाट एका पिढीत चालली गेली. अण्णासाहेब पाटलांना तिचा शेवट पाहता आला नाही. १९८२च्या मार्चमध्ये, पन्नाशी गाठण्याआधीच, त्यांचा अंत झाला.

या कायद्याचे दोषही स्पष्ट सांगितले पाहिजेत, कारण ज्यांना तो प्रिय आहे त्यांनीच ते लपवले तर टीका करणाऱ्यांना आयते कोलीत मिळते. नोंद झालेल्या टोळीतील जागा ही कालांतराने मोलाची वस्तू झाली, आणि मोलाच्या वस्तूचे जे होते तेच काही ठिकाणी तिचे झाले; बापामागे मुलाला, मुलगा नसेल तर पैसे मोजणाऱ्याला. माथाडी नाव लावून, एकही पोते न उचलता, कारखान्याच्या दारात खंडणी मागणारे लोक निघाले आणि त्यांनी अस्सल घामाला बट्टा लावला. दुसऱ्या बाजूने नोंद टाळणाऱ्या, मजुरी दडवून लेव्ही चुकवणाऱ्या पेढ्याही थोड्या नव्हत्या. आणि सर्वांत मोठी उणीव अशी, की बाजारात धान्य चाळणाऱ्या, निवडणाऱ्या, सांडलेले झाडून गोळा करणाऱ्या बाया त्याच गल्लीत, त्याच धुळीत बसलेल्या असूनही या हिशेबात फार उशिरा आणि फार थोड्या आल्या. माथ्यावरचे ओझे कायद्याला दिसले. सुपातले दिसायला वेळ लागला.

म्हणूनच पुण्यात १९९३ साली जे घडले त्याला माझ्या मते या इतिहासात मानाचे स्थान आहे. रस्त्यावरच्या कचऱ्यातून कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या स्त्रिया, ज्यांतील बहुसंख्य दलित समाजातल्या, लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने या कार्यकर्त्यांच्या साहाय्याने आणि बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली एकत्र आल्या आणि त्यांनी ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन केली. हमालाला निदान अनेक मालक होते. या बायांना एकही नव्हता. कचरा कोणाचाच नसतो, मग कचरावेचीचा मालक कोण? त्यांनी त्याचे उत्तर असे दिले, की आम्ही वेचतो तो भार शहराच्या गाडीत चढत नाही, तेव्हा आमच्याशी बोलायचे ते शहराने बोलावे. पोलिसाने हटकल्यावर पदरातून काढून दाखवता येईल असे महानगरपालिकेने मान्य केलेले ओळखपत्र ही त्यांची पहिली मिळकत. पुढे पालिकेने त्यांच्या वैद्यकीय विम्याचा हप्ता भरला, आणि २००८ साली ‘स्वच्छ’ या त्यांच्या सहकारी संस्थेशी करार करून दारोदार कचरा गोळा करण्याचे काम अधिकृतपणे त्यांच्याकडे सोपवले. काल जिला चोर समजून हुसकावत, तिच्या हाती आज घराघरातून महिन्याचा मोबदला पडू लागला. हेही करारनामे एका बैठकीत झाले नाहीत. मुदत संपली की पुन्हा पालिकेची पायरी चढणे, पुन्हा मोर्चा, पुन्हा चर्चा, हे त्या बायांच्या वाट्याला वारंवार आले आहे.

माथाडी मंडळाची ही रीत महाराष्ट्रात खासगी सुरक्षा रक्षकांसाठी १९८१ साली उचलली गेली. केरळने ओझेवाल्यांसाठी आणि तामिळनाडूने अंगमेहनतीच्या कामगारांसाठी आपापले कायदे केले. जून २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने असंघटित अर्थव्यवहारातून संघटित अर्थव्यवहाराकडे जाण्याविषयीची शिफारस जिनिव्हा येथे संमत केली आणि त्या संक्रमणात सामाजिक संवादाला आधारस्तंभाचे स्थान दिले. दाणा बंदरच्या माथाड्याने ते शब्द कधी ऐकले नसतील, पण त्यांतला आशय त्याच्या पासबुकात तोवर पंचेचाळीस वर्षे नांदत होता. अर्जुन सेनगुप्ता यांच्या आयोगाने या शतकाच्या प्रारंभी देशातील सुमारे ९२ टक्के कामकरी अनौपचारिक स्थितीत असल्याचे सांगितले होते. एवढ्या मोठ्या समुदायापुढे काही बाजारांतील मंडळे म्हणजे समुद्रातील शिंपल्याएवढी आहेत, हे मान्य केलेच पाहिजे.

२०२३ साली राजस्थानने मोबाइलवरून काम मिळणाऱ्या स्वार आणि वस्तू पोहोचत्या करणाऱ्या मुलांसाठी कायदा केला. त्यात कामगार, कंपन्या आणि शासन यांचे एकत्र मंडळ आहे, प्रत्येकाची नोंद आहे, आणि प्रत्येक व्यवहारामागे कल्याणासाठी ठरावीक शुल्क आहे. दाणा बंदरात पोत्यामागे होता तोच हिशेब. या मुलांनाही सकाळी एक कंपनी, दुपारी दुसरी. त्यांनाही विचारले जाते की तुमचा मालक कोण. या प्रश्नाला ज्या राज्याने १९६९ साली उत्तर दिले त्या राज्याने, जिन्यावर धापा टाकीत आपल्या दाराशी पिशवी घेऊन उभ्या राहणाऱ्या या मुलांना, घरोघरी धुणीभांडी करणाऱ्या बायांना आणि नाक्यावर सकाळी उभ्या राहणाऱ्या मजुरांना पुन्हा एकदा मेजाभोवती बोलवावे, आणि त्यांच्यासमोर त्यांच्या कामाचा फायदा घेणाऱ्यांनाही बसवावे, एवढीच या लेखाची विनंती आहे.